बरं वाटल्यानंतरचा आठवडा

सदर : औषधपाणी

भातकापणीच्या दिवसांत कोकणात कुणाला घोणस किंवा फुरसं चावलं, तर गावाला त्याचं नवल वाटत नाही. रुग्णाला मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसवून ग्रामीण रुग्णालयात आणतात. तिथे कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घेतात, नळी २० मिनिटं अजिबात न हलवता उभी ठेवतात आणि मग तिरकी करून बघतात. रक्त गोठलं नसेल, पाण्यासारखं ओघळत असेल, तर विष भिनलेलं आहे. लगेच सलाईनमधून सर्पविषावरचं औषध सुरू होतं, आठ-दहा व्हायल. तेवढा वेळ सिस्टर खाटेपाशीच थांबतात. अंगावर पित्त उठणं, धाप लागणं, बीपी कोसळणं, यातलं काहीही होऊ शकतं आणि अ‍ॅड्रेनलीन हाताशी लागतं. सहा तासांनी पुन्हा तीच नळी, पुन्हा २० मिनिटं. रक्त गोठायला लागलं, लघवी नीट होतेय, सूज उतरतेय, असं दिसलं की तीन-चार दिवसांत माणूस घरी जातो.

आणि नवव्या-दहाव्या दिवशी त्याला ताप भरतो. अंगाला खाज सुटते, पित्त उठतं, गुडघे आणि मनगटं धरतात, जांघेत अवधाण येतं. घरात कुणी म्हणतं, विष पुरतं उतरलंच नव्हतं. कुणी पथ्य कधी मोडलं त्याचा शोध घेतं. सापाने डूख धरलाय असं मानणारेही अजून आहेत. मग कधी मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या येतात, कधी भगताला बोलावणं जातं.

विषाचा यात काही संबंध उरलेला नसतो. ज्या औषधाने जीव वाचवला, त्यातल्या घोड्याच्या प्रथिनाला शरीराने दिलेलं हे उत्तर असतं. याला सिरम सिकनेस म्हणतात. सगळ्यांना तो होत नाही. ज्यांना होतो त्यांतल्या बहुतेकांचा थोड्या दिवसांत आपोआप शमतो, आणि पाच दिवसांच्या साध्या गोळ्यांनी आणखी लवकर. जिवावर बेतणारा हा आजार नव्हे. तरी मी त्यावर सदर खर्ची घालतोय, कारण त्याची तारीख डॉक्टरांना आधीच माहीत असते आणि रुग्णाला मात्र ती कुणी सांगत नाही. आपली रुग्णालयं मिनिटं आणि तास डोळ्यांत तेल घालून मोजतात. दहाव्या दिवसाचा हिशेब मात्र कुणाच्याच वहीत नसतो.

ही तारीख वैद्यकाला शंभराहून जास्त वर्षं ठाऊक आहे. विसावं शतक उजाडलं तेव्हा युरोपात घटसर्पाच्या मुलांना घोड्याचं सिरम टोचत. या उपचाराबद्दलच एमिल फॉन बेहरिंग यांना १९०१ साली वैद्यकाचं पहिलं नोबेल मिळालं होतं. मुलं वाचत होती. पण त्यांतली काही आठ ते बारा दिवसांनी ताप, पुरळ आणि दुखरे सांधे घेऊन पुन्हा आजारी पडत. व्हिएन्नामध्ये क्लेमेन्स फॉन पिर्के आणि बेला शिक या दोन तरुण डॉक्टरांनी अशा मुलांचे दिवस मोजले आणि १९०५ साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांना दिसलं ते असं : पहिल्यांदा सिरम घेतलेल्या मुलाला त्रास व्हायला आठवडा-दीड आठवडा लागतो, आणि पूर्वी कधी सिरम घेतलेलं असेल तर तोच त्रास फार लवकर, कधी काही तासांतच सुरू होतो. सिरम स्वतःच विषारी असतं तर दोन्ही वेळी सारखाच अवधी लागला असता. म्हणजे मधले दिवस शरीर काहीतरी तयार करण्यात घालवतं. ते काहीतरी म्हणजे अँटीबॉडी. जी अँटीबॉडी रोगापासून राखते तीच रोग घडवते, हे त्या काळच्या डॉक्टरांच्या पचनी पडायला जड होतं.

दोन वर्षं आधी, १९०३ मध्ये, फ्रान्सच्या मोरिस आर्थ्युस यांनी सशांच्या कातडीखाली घोड्याचं सिरम पुन्हा पुन्हा टोचून पाहिलं होतं. सुरुवातीच्या टोचण्यांना काहीच झालं नाही. पुढच्या टोचण्यांनी मात्र तेवढीच जागा सुजली, टणक झाली, शेवटी सडली. पण नेमकं घडतं काय, हे दिवसावार दाखवलं ते १९५०च्या दशकात अमेरिकेत फ्रँक डिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. त्यांनी गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन किरणोत्सारी आयोडीनची खूण लावून सशांच्या शिरेत सोडलं आणि रक्तातलं त्याचं प्रमाण मोजत राहिले. सुरुवातीचे दिवस ते सावकाश कमी होत गेलं. मग दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास एकाएकी घसरलं. नेमक्या त्याच दिवसांत सशांची मूत्रपिंडं, सांधे आणि रक्तवाहिन्या सुजल्या. ते परकं प्रथिन रक्तातून पुरतं नाहीसं झालं, तशी सूजही ओसरत गेली. पुढे १९६३ साली गेल आणि कूम्ब्स यांनी अतिसंवेदनशीलतेचे चार प्रकार मांडले. त्यांतला तिसरा हा.

अँटीबॉडी परक्या प्रथिनाला, म्हणजे अँटीजनला, चिकटली की दोघांचा गुंता होतो. असे गुंते तुमच्याआमच्या रक्तात साध्या पडशातही तयार होतात. प्रश्न असतो तो त्यांच्या मापाचा. अँटीबॉडी मुबलक असतील तर गुंते मोठे होतात आणि यकृत-प्लीहेतल्या भक्षक पेशी ते चटकन गिळून टाकतात. अँटीजन फारच जास्त असेल तर गुंते इतके चिमुकले होतात की ते फारसं काही न बिघडवता फिरत राहतात. छळतात ते मधल्या मापाचे. अँटीबॉडी नुकत्याच उतरू लागल्या आहेत आणि अँटीजन अजून थोडा वरचढ आहे, अशा वेळी ते तयार होतात. पहिला आठवडा सरता सरता शरीरात हीच अवस्था येते. पिर्के आणि शिक यांनी मोजलेल्या दिवसांचा उलगडा तो हाच.

गुंते उचलून नेण्याची व्यवस्थाही शरीरात आहे. रक्तात काँप्लिमेंट नावाची प्रथिनांची एक मालिका असते. तिचा सी३बी हा तुकडा गुंत्यावर बसला की तांबड्या पेशी तो गुंता आपल्या पाठीवर घेतात, यकृत-प्लीहेपर्यंत नेऊन उतरवतात आणि रिकाम्या होऊन पुढच्या फेरीला निघतात. शरीरातली घंटागाडीच ती. ही फेरी पुरी पडेनाशी झाली की गुंते मिळेल तिथे अडकायला लागतात. मिळेल तिथे म्हणजे मुख्यतः जिथे रक्त दाबाने गाळलं जातं तिथे. हृदयातून निघालेल्या रक्ताचा साधारण पाचवा हिस्सा मूत्रपिंडांकडे जातो. एकेका मूत्रपिंडात केशवाहिन्यांचे सुमारे दहा लाख गुच्छ असतात, त्यांना ग्लोमेरुलस म्हणतात, आणि दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. सांध्यांचं अस्तर आणि कातडीतल्या बारीक वाहिन्या याही अशाच अडकण्याच्या जागा. म्हणून या जातीचा आजार कुठल्याही नावाने आला तरी बोलतो तो लघवीतून, सांध्यांतून आणि कातडीवरून.

गुंता भिंतीला चिकटला की तिथे काँप्लिमेंट जागं होतं. त्याचे सी३ए आणि सी५ए हे तुकडे वाहिन्या सैल करतात आणि न्यूट्रोफिल पेशींना बोलावून घेतात. न्यूट्रोफिल येतात ते गिळायला. पण भिंतीत रुतलेला गुंता त्यांना गिळता येत नाही. मग पोटात पचवण्यासाठी राखलेली विकरं त्या तिथल्या तिथे बाहेर ओततात, आणि गुंत्याबरोबर भिंतही खाल्ली जाते. मूत्रपिंडाची बायोप्सी विशिष्ट चमकणाऱ्या रंगाने पाहिली तर ग्लोमेरुलसच्या कडेकडेने हिरवे, ओबडधोबड ठिपके दिसतात. ज्या आजारात अँटीबॉडी थेट भिंतीवरच चालून जाते, त्यात हीच चमक सलग रेघेसारखी दिसते. ठिपके दिसले, की ओळखायचं : हा माल बाहेरून वाहत येऊन इथे साचलाय.

आता सापाच्या गोष्टीतून बाहेर येऊन याच गुंत्यांच्या दुसऱ्या आजारांकडे वळू. तारीख न सांगण्याची किंमत सगळ्यात जास्त मोजतात ती लहान मुलं.

पाच ते बारा वर्षांच्या मुलाचा घसा दुखतो, ताप येतो, चार-पाच दिवसांत ते बरं होऊन शाळेत जायला लागतं. किंवा खरूज होते, खाजवून पिकते, मलमाने सुकते. घशातला तो जंतू स्ट्रेप्टोकॉकस असेल तर एक ते तीन आठवड्यांनी, आणि कातडीवरचा असेल तर तीन ते सहा आठवड्यांनी, एखाद्या सकाळी मुलाच्या पापण्या सुजलेल्या दिसतात. आई म्हणते, झोप जास्त झाली. लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची होते. आजी म्हणते, उष्णता झाली, सब्जाचं पाणी द्या. बीपी वाढलेलं असतं, पण मुलांचं बीपी आपल्याकडे मोजतो कोण? डोकं दुखतंय म्हणणाऱ्या मुलाला झटका येतो, तेव्हा घर हादरतं. दरम्यान तो दुखरा घसा किंवा ती खरूज सगळे विसरून गेलेले असतात. मागचा आजार आणि आत्ताचा आजार यांच्यामधला धागाच तुटलेला असतो.

यातली बहुसंख्य मुलं पूर्ण बरी होतात, हे आवर्जून सांगायला हवं. बीपी आणि अंगातलं पाणी तेवढे दिवस सांभाळलं की काम भागतं. रक्तातलं सी३ हे काँप्लिमेंट प्रथिन या काळात खाली गेलेलं असतं आणि सहा ते आठ आठवड्यांत जागेवर येतं. नाही आलं तर आजार दुसराच काहीतरी आहे असं समजून पुढचा तपास करायचा. तेव्हा इथेही सगळा खेळ कॅलेंडरवरचाच. शिवाय एक गैरसमज दूर केला पाहिजे. घशाच्या संसर्गावर अँटिबायोटिक वेळेवर दिलं तर हृदयाच्या झडपा खराब करणारा सांधेवाती ताप टळतो. मूत्रपिंडाचा हा आजारही टळेलच, याची तशी खात्री नाही. ‘कोर्स पूर्ण केलाय, आता काही होणार नाही’ असं आश्वासन देऊन पालकांना मोकळं करता येत नाही, ते त्यामुळेच.

तिसरं उदाहरण कुष्ठरोगाचं. महाराष्ट्रात या आजारावर पिढ्यान्‌पिढ्या काम झालंय, आनंदवन उभं राहिलंय, आणि बहुविध औषधोपचार मोफत मिळतो. ज्याच्या अंगात जंतूंचा भार मोठा आहे अशा रुग्णाला उपचाराच्या आधी, उपचार चालू असताना किंवा संपल्यावरही, अचानक ताप येऊन अंगावर लाल, दुखऱ्या गाठी उठू शकतात. नसा ठणकतात, डोळे लाल होतात, कधी अंडकोश सुजतात. डॉक्टर याला लेप्रा रिअ‍ॅक्शनचा दुसरा प्रकार म्हणतात. मेलेल्या जंतूंचे अवशेष आणि अँटीबॉडी यांच्या गुंत्यांचा यात हात आहे, असं फार पूर्वीपासून मानलं जातं. प्रतिकारपेशींचाही वाटा आता दिसून आला आहे. रुग्णाच्या नजरेतून बघा. औषध सुरू केलं आणि अंगावर गाठी आल्या. तो काय करेल? औषध बंद करेल, आणि आजार परत वाढेल. ‘अशा गाठी येऊ शकतात, आल्या तर औषध न सोडता त्याच दिवशी ये’ हे वाक्य त्याला पहिल्या पाकिटाबरोबर मिळालं असेल, तर तो गोळी सोडणार नाही आणि त्याची नस वाचेल.

ल्युपस हा या घराण्यातला सगळ्यात चिवट आजार. सिरम सिकनेसमध्ये घोड्याचं प्रथिन संपतं तसा आजार संपतो. ल्युपसमध्ये अँटीजन म्हणजे आपल्याच पेशींच्या केंद्रकातला डीएनए आणि त्याच्या सोबतची प्रथिनं. तो पुरवठा संपणार कसा? दहा रुग्णांत साधारण नऊ बायका, त्याही बहुतेक ऐन तारुण्यातल्या. सांधे दुखतात म्हणून ‘वाताचं आहे’ म्हणत महिने जातात, आणि तेवढ्यात मूत्रपिंडं गप्प राहून खराब होत असतात. लघवीतलं प्रथिन वेळोवेळी तपासणं आणि काँप्लिमेंटच्या सी३-सी४वर लक्ष ठेवणं, हाच त्यांना बोलकं करण्याचा मार्ग. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची गोळी बरं वाटतंय म्हणून सोडणाऱ्या मुलींना कुणीतरी बसवून सांगायला हवं, की या आजारात बरं वाटणं आणि बरं असणं यांत अंतर असतं.

यावर मला उत्तर काय मिळेल, याची कल्पना आहे. पहिलं उत्तर आकड्यांचं. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी ५८,००० असा अंदाज आहे. केंद्र सरकारने २०२४ साली कृती आराखडा आणून हे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणायचं ठरवलंय. जीव वाचवायची मारामार, तिथे दहाव्या दिवसाच्या खाजेचं काय घेऊन बसलात? दुसरं उत्तर भीतीचं. आधीच लोक भगताकडे जाऊन वेळ घालवतात. औषधानेही त्रास होतो असं सांगितलं तर उरलेसुरलेही फिरकणार नाहीत.

दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. रुग्ण खाटेवर धापा टाकत असताना ही माहिती कुणीच मागत नाही. ती द्यायची ती घरी सोडताना, औषधाने जीव वाचल्याचं त्याच्या डोळ्यांसमोर असताना. पहिल्याचं उत्तर मला जास्त महत्त्वाचं वाटतं. रुग्णालयातून परत आलेला माणूस हीच गावासाठी औषधाची जाहिरात असते. दहाव्या दिवशी तो तापाने फणफणला आणि कुणालाच कारण ठाऊक नसलं, तर गाव निष्कर्ष काढतं की ‘त्या इंजेक्शनाने बिघडलं’. पुढच्या पावसाळ्यात ज्याला साप चावतो, तो त्या निष्कर्षाची किंमत चुकवतो. त्याच माणसाने ‘डॉक्टरांनी सांगितलंच होतं, आठवड्याभराने असं होऊ शकतं म्हणून’ असं म्हटलं, तर गावाचा विश्वास एका पायरीने वर चढतो. मृत्यू निम्म्यावर आणायचे असतील तर हा विश्वास औषधाच्या साठ्याइतकाच लागणार आहे.

शिवाय नुकसान फक्त विश्वासाचं होत नाही. घोणशीच्या विषाने मूत्रपिंडांना आधीच मार बसलेला असू शकतो. अशा वेळी सांधे दुखतात म्हणून मेडिकलमधून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या खाल्ल्या तर उरलेलं कामही बिघडू शकतं. मग खाज ही नुसती खाज राहत नाही.

खर्च किती? एका रबरी शिक्क्याचा. सर्पदंशाचं औषध ज्याला दिलं, त्याच्या डिस्चार्ज कार्डावर तो उमटवायचा : ‘घोड्यापासून तयार केलेलं औषध दिलं आहे. येत्या दोन आठवड्यांत ताप, पित्त, सांधेदुखी किंवा लघवीत बदल दिसल्यास हे कार्ड घेऊन या. दुखण्याच्या गोळ्या मनाने घेऊ नका.’ खाली हाताने लिहिलेल्या दोन तारखा : कधीपासून कधीपर्यंत. कुत्रा चावल्यावर जखमेत जे रेबीजविरोधी सिरम टोचतात, तेही बऱ्याचदा घोड्याचंच असतं. त्या कार्डावरही हाच शिक्का चालेल. पूर्वी घोड्याचं सिरम घेतल्याची नोंद पुढच्या डॉक्टरालाही उपयोगी पडते. त्या नोंदीमुळे औषध नाकारायचं नसतं, तयारी जास्त ठेवायची असते. पेप्सिन या विकराने घोड्याच्या अँटीबॉडीचं शेपूट छाटून आजची औषधं पूर्वीपेक्षा शुद्ध केलेली असली, तरी उरतं ते घोड्याचं प्रथिनच.

गावातल्या आशा सेविका आठव्या-नवव्या दिवशी रुग्णाला एक फोन करू शकतात. पिकलेली खरूज किंवा दुखरा घसा घेऊन आलेल्या मुलाच्या केसपेपरवर ‘तोंडावर सूज किंवा लाल लघवी दिसली तर लगेच दाखवा’ एवढं लिहायला अर्धं मिनिट लागतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात लघवी तपासायच्या पट्ट्या आणि लहान मुलाच्या दंडाला बसेल असा बीपीचा पट्टा, या दोन गोष्टी कायम असायलाच हव्यात. सरकारी परिपत्रकाची वाट न बघताही हे करता येईल. एखाद्या वैद्यकीय अधिकाऱ्याने मनावर घेतलं तर सोमवारपासून सुरू होईल.

आणि तोवर? घरातलं कुणी सापाचं किंवा कुत्र्याचं सिरम घेऊन परत येत असेल, पोराचा घसा दुखत असेल, बहिणीला ल्युपसची गोळी सुरू झाली असेल, तर निघताना डॉक्टरांना दोनच प्रश्न विचारा : आणखी किती दिवस लक्ष ठेवायचं, आणि कशावर? उत्तर तोंडी घेऊ नका. केसपेपर पुढे करा आणि तारखेसकट लिहून मागा. गर्दी असेल, मागचा माणूस चुळबुळत असेल, डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडेल. पडू द्या. लिहून झाल्याशिवाय खुर्ची सोडू नका.